बिनझाडाच्या कुंड्या (हाताने घडवलेल्या बोन्साय कुंड्यांचा नाद)

पारंबी
रविवार, ११ मे, रात्री १०:५०

घरात झाडं अकरा आणि रिकाम्या कुंड्या त्रेचाळीस. हा हिशेब माझा नाही, बायकोचा. काल माळ्यावरचं खोकं काढताना तिने मोजल्या आणि रात्री आमटी वाढता वाढता आकडा सांगितला. आवाज अजिबात चढवला नाही. तो तसा चढवला नाही की मला जास्त धास्ती वाटते, म्हणून हा धागा.

वामनवृक्षांवर, म्हणजे बोन्सायवर, इथे पूर्वी बरंच लिहून झालंय. छाटणी, तारा, माती, कोणता वड चांगला, सगळं. कुंडीवर मात्र कोणी चार ओळी लिहिलेल्या दिसल्या नाहीत. वास्तविक 'बोन्साय'मधलं 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावणं. अर्धा शब्द कुंडीचा आहे, पण आपण सगळं कौतुक झाडाचं करतो.

माझी सुरुवात पुण्याच्या जुन्या बाजारातून झाली. २०१२ची गोष्ट. बुधवारी सुट्टी होती म्हणून मंगळवार पेठेत चक्कर मारली. एका माणसाने गंजके खिळे, बिजागऱ्या, कुलपाविना किल्ल्या असं सगळं एका चौकोनी तपकिरी भांड्यात भरून ठेवलं होतं. मी किल्ली बघायला म्हणून हात घातला आणि बोट तळाच्या भोकात गेलं. दोन मोठी भोकं, त्यांच्या आजूबाजूला चार बारीक. बारीक भोकं झाड तारेने बांधण्यासाठी असतात. किल्ल्यांचा ट्रे करणारा माणूस अशी भोकं कशाला पाडेल? दीडशे रुपये दिले. खिळे तो पेपरात ओतून घेत होता, एवढ्यात मी कुंडी उलटी केली. चुन्यासारख्या पुटाखाली शिक्का होता. मला न वाचता येणारी दोन चिन्हं.

तेव्हापासून खोड लागली. कुठेही कुंडी दिसली की आधी उलटी करायची. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात एकदा रिकामी ठेवलेली कुंडी उलटी करताना स्वयंसेवक काकूंनी मला हटकलंय. पण खरं कळतं ते बुडालाच. वरून सगळ्याच कुंड्या नटून बसलेल्या असतात. बुडाला भोकाची कड कशी सोडलीय, पाय कापून काढलेत की मागाहून चिकटवलेत, चिकटवले असतील तर सांध्यावरून बोट फिरलंय का, हे दिसतं. माझ्याकडे एका छोट्या लंबगोल कुंडीच्या पायामागे अंगठ्याचा अख्खा ठसा आहे. रेषा मोजता येतील इतका स्वच्छ. मी ती कुंडी झाडासाठी नाही, त्या अंगठ्यासाठी घेतली.

कुंडी निवडायचे ढोबळ नियम इथल्या बऱ्याच जणांना माहीत असतील: खोलपणा साधारण बुंध्याच्या जाडीएवढा, लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, पाइन-जुनिपरसारख्यांना बिनग्लेझची (ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप) मातकट कुंडी, फुला-फळांच्या झाडांना ग्लेझची चालते. आपले वड, उंबर, पिंपरण, चिंच यांना मला बिनग्लेझची आवडते. बोगनवेलीला निळी. नियम एवढेच पुरे. कारण प्रत्यक्षात घरात असलेल्या कुंडीत बसेल असंच झाड शोधलं जातं, निदान माझ्याकडे तरी.

दोन प्रश्न आहेत.

एक, आपल्याकडे हाताने बनवून कोणी देतं का? मी एका ओळखीच्या कुंभारदादांकडे तीन वेळा प्रयत्न केला. माठ आणि पणत्यांमध्ये त्यांचा हात धरणारा नाही. मी त्यांना १४ इंची लंबगोल कुंडीचं चित्र कागदावर काढून दिलं. पहिली वाळतानाच कडेतून तडकली. दुसरी भट्टीतून आली ती पापडासारखी वळून. तिसरी सरळ आली, पण मोजली तर साडेबारा इंच. दादा म्हणाले, "साहेब, माती आहे, आटणारच."

दोन, झाडाविना कुंडी जमवण्यात काही अर्थ आहे का? हा प्रश्नही बायकोचाच.

---

बाल्कनीबहाद्दर
मस्त लिहिलंय. वाखूसा (वाचनखूण साठवली). फोटो दिसत नाहीयेत.

---

खोचक
झाडाचे हातपाय बांधून त्याला खुजं ठेवायचं आणि वर त्याच्या तुरुंगाची कलाकुसर बघत बसायची. चालू द्या.

---

रानजाई
@खोचक, ही चर्चा दर धाग्यावर होते आणि दर वेळी तुम्हीच करता. कुंपणाची मेंदी दर महिन्याला कापता तेव्हा?
धागाकर्ते, अंगठ्याच्या ठशाचा फोटो प्लीज. (खरंच दिसत नाहीयेत.)

---

चिनीमाती
सोमवार, १२ मे, दुपारी ३:१५

जे. जे.ला सिरॅमिक शिकले, मग भद्रावतीला ग्रामोदय संघात काही महिने हात काळे करून आले. आता नाशकात छोटा स्टुडिओ आहे. बोन्सायच्या कुंड्या वर्षाला वीसेक करते, त्यातल्या बाराएक धड निघतात. म्हणून तुमच्या कुंभारदादांची बाजू घ्यायला आले.

आटण्याचं गणित असं. माझी स्टोनवेअरची (जास्त आचेवर घट्ट भाजली जाणारी) माती ओली असल्यापासून भाजून निघेपर्यंत साधारण १२ टक्के आटते. म्हणजे ३० सेंटिमीटरची कुंडी हवी असेल तर ओली ३४ची करावी लागते. तुम्ही दादांना चित्र दिलंत ते भाजलेल्या मापाचं. त्यांनी ओली तेवढी केली. चूक चित्राची आहे. १४चे साडेबारा झाले म्हणजे पावणेअकरा टक्के. या मातीची ओली कुंडी पुढच्या वेळी १५ पूर्णांक ७ इंचांची करा, बरोबर येईल.

वळण्याचं कारण वेगळं. माठ गोल असतो, सगळीकडून सारखा आटतो, शिवाय चाकावर कणांना एक वळण लागलेलं असतं. लंबगोल किंवा चौकोनी कुंडी आपण थापलेल्या पट्ट्या जोडून करतो. लांब भिंत मध्यभागी आत ओढली जाते, कोपरे आधी वाळतात, बूड मात्र ओलंच. इथे घाई केली की संपलं. मी सांधे प्लास्टिकने झाकते, कुंडी सुरुवातीला उपडी वाळवते आणि नाशकातल्या एप्रिलच्या वाऱ्यात तर या कामाला हातच लावत नाही. पावसाळ्यात करते. तीन-तीन आठवडे वाळतात, वाळू देत.

भट्टीतही बूड आटताना खाली घासतं. म्हणून मोठी कुंडी त्याच मातीच्या एका टाकाऊ पट्टीवर बसवायची. कुंडीबरोबर पट्टीही आटते, ओढाताण होत नाही. पायांच्या मध्ये बूड खाली झोपू नये म्हणून मधोमध एक मातीचा टेकू. पट्टी आणि टेकू नंतर फेकून द्यायचे. एका कुंडीमागे एवढी न दिसणारी माती जाते. ग्राहक विचारतो, "ताई, कुंडीचे साडेतीन हजार?"

आणि महत्त्वाचं: टेराकोटा आणि स्टोनवेअर यांत फरक करा. दादांची भट्टी हजार अंशांच्या आतबाहेर असेल, माझी १२५०च्या आसपास जाते. घरी तपासायचं असेल तर कोरडी कुंडी वजन करा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. शेकडा दोन-तीनपेक्षा कमी पाणी प्यायली तर भाजणी चांगली. दहा-बारा प्यायली तर ती माठाची बहीण. माठाला तो गुण आहे. पण उथळ कुंडी मे महिन्यात एवढी झिरपायला लागली की मुळांना काही उरत नाही.

---

बाल्कनीबहाद्दर
ताई, दंडवत. हा वेगळा धागा व्हायला हवा.

---

ओसरी
माझे वय ७१. आमच्या काळी बोन्साय क्लबात सगळ्यांकडे सिमेंटचे ट्रे असत, वर लाल ऑक्साइड. उचलताना कंबर जाई. नंतर खुर्ज्याच्या निळ्या-हिरव्या ग्लेझच्या आल्या, त्या अजून प्रत्येक नर्सरीत मिळतात, स्वस्त आणि टिकाऊ. नाके मुरडू नका, माझा चिंचेचा पंचवीस वर्षे त्यातच आहे.

आता माझी फजिती. मागच्या वर्षी नातवाने ऑनलाइन 'अस्सल जपानी, हस्तनिर्मित, सहीसह' अशी कुंडी मागवून दिली. चार हजार सातशे. उघडली. सही म्हणजे स्टिकर होता, ओल्या फडक्याने निघाला. आतून पाहिले तर चारही पायांच्या जागी खळगे. म्हणजे पातळ माती साच्यात ओतून केलेली. पाय आतून पोकळ राहतात तेव्हा असे खळगे पडतात आणि त्यात पाणी साचते. विक्रेत्याला लिहिले तर उत्तर आले की प्रत्येक कुंडी हाताने पॅक केलेली असते. परत घेतली नाही. सध्या तीत कांदे-बटाटे आहेत.

---

पारंबी
@ओसरी, आजी, "हाताने पॅक केलेली" हे मी आता घरात वापरणार आहे.

@चिनीमाती, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून दादांकडे नेतोय. वजनाचा प्रयोग काल रात्रीच केला. दादांची कुंडी: कोरडी १८४० ग्रॅम, सकाळी २०५० ग्रॅम. म्हणजे साडेअकरा टक्के. माठाची सख्खी बहीण. जुन्या बाजारातली: २२१० आणि २२४५. दीड टक्काच! बोटाने वाजवली तर ती खणकन वाजते. दादांची जरा बसक्या आवाजात.

बायकोने स्वयंपाकघरातला काटा परत जागेवर ठेवायला सांगितलाय.

---

नागोयाकर
मंगळवार, १३ मे

कामानिमित्त सहा वर्षं नागोयात आहे. बोन्सायमधलं मला काही कळत नाही, पण तोकोनामे इथून मेइतेत्सु रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर आहे. घरी कोणी आलं की मी तिकडेच नेतो. विमानतळाच्या अलीकडचंच गाव. जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांच्या गावांपैकी एक (बाकीची सेतो, शिगाराकी, बिझेन, एचिझेन, तांबा). आज जपानी बोन्साय कुंडी म्हटलं की पहिलं नाव तोकोनामेचंच निघतं.

गावात कुंभारांच्या गल्ल्यांमधून फिरायची एक पायवाट आखलेली आहे. एका चढावर दोन्ही बाजूंच्या भिंती भाजलेल्या मातीच्या पाइपांच्या आणि दारूच्या बाटल्यांच्या, कारण हे गाव एके काळी सांडपाण्याचे पाइप बनवायचं. पुढे चढावर बांधलेली जुनी भट्टी आहे, १८८७ची. आठ दालनं, दहा धुराडी, आणि धुराड्यांची उंची वेगवेगळी. १९७४पर्यंत चालू होती. आत वाकून उभं राहिलं की विटांवर काचेसारखं काळं-हिरवं थिजलेलं दिसतं. जवळजवळ नव्वद वर्षांची राख आहे ती.

तुमच्या शिक्क्याचा फोटो मला मेलवर पाठवा. पुढच्या शनिवारी जाणार आहे, दुकानात विचारून येतो.

---

साचेबद्ध
थोडा वाद घालतो. 'हस्तनिर्मित' या शब्दाचं आपण फार स्तोम माजवतो. तोकोनामेच्या नावाजलेल्या कुंड्यांपैकीही कितीतरी प्लास्टरच्या साच्यात माती दाबून केलेल्या असतात. मग त्यांना काय म्हणणार, नकली?

---

चिनीमाती
@साचेबद्ध, मुद्दा बरोबर. पण साच्यासाच्यात फरक आहे. ओसरी आजींच्या कुंडीत पातळ माती ओतली, जादाची काढून टाकली, सुकल्यावर बाहेर. हात लागला तो फक्त पॅकिंगला. दाबाच्या साच्यात माणूस मातीची लाटी बोटांनी कोपऱ्यात बसवतो, बाहेर काढून पाय जोडतो, कड तासतो, सांधे घोटतो. साचा आकार देतो, बाकी सगळं हातच करतो. मोदकाचा साचा वापरला म्हणून उकडीचा मोदक कारखान्यातला होत नाही.

---

खोचक
हाताने वळलेल्या पाकळ्या आणि साच्यातला मोदक एकच असं म्हणताय? मग माझं इथे काम नाही.

---

रानजाई
बघा, खोचकरावांना अखेर विषय सापडला. :)

---

पारंबी
कोकणातल्या बायकोपुढे मोदकाच्या साच्याचं नाव काढू शकत नाही, तेव्हा मीही खोचक यांच्या बाजूने.

@नागोयाकर, फोटो पाठवले. वरून, आतून, बुडाचे. जाता जाता, चीनच्या जुन्या कुंड्यांबद्दल तिथे काही कळलं तर तेही लिहा. यीशिंगच्या जांभळट मातीच्या बिनग्लेझ कुंड्या जपानी लोक पूर्वी जहाजाने आणवायचे आणि त्यांची नावंही त्यावरूनच पडली असं वाचलंय. 'कोवातारी' म्हणजे जुन्या काळी पार होऊन आलेली. पुढे मधल्या काळातली, मग नवी. आपल्याकडे 'विलायती' म्हणायचे तसंच, फक्त कोणत्या फेरीला आली तेही सांगायचं.

---

ओसरी
पारंबी, पांढरे पूट तुम्ही काढले का? काढायचे तर व्हिनेगर किंवा लिंबू पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने हलके घासा, मग पुष्कळ पाण्याने धुवा. ग्लेझची असेल तर आधी बुडाला एका ठिकाणी करून पाहा. काही ग्लेझ आंबटाने मरतात. तीव्र ॲसिड नको. तारेची घासणी तर मुळीच नको. आमच्या क्लबात एकीने जुनी कुंडी घासून लखलखीत केली होती. रंग आला आणि जीव गेला.

---

चिनीमाती
आजी म्हणतात तो जीव म्हणजे जपान्यांचा 'जिदाइ'. पाणी, माती, ऊन, हाताचं तेल बसत बसत बिनग्लेझ कुंडीवर एक मऊ चकाकी येते. चहाची पावडर लावून, तेल चोळून नकली आणणारे आहेत. पण ती कडेला आणि कोपऱ्यात सारखीच दिसते. खरी चकाकी उचलताना जिथे हात लागतो तिथे जास्त असते.

---

नागोयाकर
रविवार, २५ मे

काल जाऊन आलो. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड. बाहेर कुंड्या एकात एक रचलेल्या, वरच्यांत पावसाचं पाणी. आत मात्र खणाखणांत नीट मांडलेल्या. काळसर, विटकरी आणि जांभळट अशा तीन बिनग्लेझ माती त्यांनी शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. ग्लेझमध्ये मला एक निळा आवडला, निळ्यावर पांढुरक्या धारा ओघळल्यासारखा. त्याला 'नामाको' म्हणतात, म्हणजे समुद्रकाकडी. नाव ऐकून बायको म्हणाली, दुसरा बघ.

दुकानदार आजोबा ऐंशीच्या घरातले. तुमचे फोटो फोनवर मोठे करून पाहिले. शिक्का वाचून हसले. तुम्ही कदाचित काही मोठं नाव ऐकायच्या तयारीत असाल, तर क्षमस्व: शिक्का 'तोकोनामे' एवढाच आहे. गावाचं नाव. कोण्या कारागिराची सही नाही. साच्यात दाबून केलेली, अशा पुष्कळ निघायच्या असं म्हणाले.

मग त्यांनी आतला फोटो लावला आणि बराच वेळ बघत बसले. कडेपासून दीड-दोन सेंटिमीटर खाली आत चहूबाजूंनी एक पांढरी रेघ आहे, ती तुमच्या लक्षात आली का? ते म्हणाले, ही पाण्यातल्या क्षारांची रेघ. माती इथपर्यंत होती. आणि अशी रेघ दोन-तीन वर्षांत बसत नाही, खूप वर्षं एकच झाड होतं. मला विचारलं, भारतात कोणतं झाड होतं? मी म्हटलं, विचारतो.

---

पारंबी
आत्ता खोलीत जाऊन दिवा लावून बघितली. आहे. तेरा वर्षं ही कुंडी माझ्याकडे आहे. मी तिचं बूड शंभर वेळा पाहिलं असेल, आत कधी बघितलंच नाही.

झाड कोणतं ते कसं कळणार? ज्याच्याकडून घेतली त्याने खिळे भरले होते. त्याला कोणी भंगारात दिली असेल.

---

ओसरी
इतकी दाट रेघ म्हणजे बोअरचे पाणी.

---

साचेबद्ध
म्हणजे साच्यातली निघाली तर. मी काही बोलत नाही.

---

नागोयाकर
एक राहिलं. धागाकर्त्यांचा दुसरा प्रश्न, झाडाविना कुंडीचा. आजोबांना विचारला. ते म्हणाले, सैतामाला ओमियाचं बोन्साय संग्रहालय आहे (२०१०मध्ये उघडलं), तिथे कुंड्यांचा स्वतंत्र संग्रह आहे आणि रिकाम्या कुंड्याही काचेमागे मांडतात. उलट मोठ्या प्रदर्शनांत काही जण रोजच्या कुंडीतलं झाड चार दिवसांसाठी जुन्या मौल्यवान कुंडीत हलवतात, कधी कधी ती कुंडी मागून आणलेली असते, आणि नंतर परत.

---

रानजाई
म्हणजे लग्नापुरती मावशीची ठुशी!

---

चिनीमाती
रिकाम्या कुंड्या जमवण्याला माझा आक्षेप नाही, माझं पोट त्यावर आहे. पण करणारी म्हणून सांगते. भट्टीतून निघालेली कुंडी मला कोऱ्या वहीसारखी वाटते, थोडी चेंगट. चार-पाच वर्षांनी कोणी झाडासकट फोटो पाठवतं तेव्हा ती माझीच आहे हे ओळखायला मला वेळ लागतो, आणि तेच बघायला आवडतं. तुमच्या त्रेचाळीसपैकी निदान एक तरी कामाला लावा.

---

पारंबी
शनिवार, २१ जून

धागा वर आणतोय.

दादांकडे प्रिंट घेऊन गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, पट्टी आणि टेकूचं दोनदा. म्हणाले, "या बाईंना सांगा, आमची आजी कौलं भाजताना असंच काहीसं करायची." आता पावसाळ्यात दोन करून बघणार आहेत. ओलं माप १५ पूर्णांक ७. चाकाशेजारच्या भिंतीवर त्यांनी खडूने लिहून ठेवलंय.

आणि जुन्या बाजारातली कामाला लावली. गच्चीवर एक पिंपरण आहे, सोसायटीच्या टाकीच्या भेगेत उगवलेली. चौदा वर्षांपूर्वी काढली होती, इतकी वर्षं प्लास्टिकच्या टबात. परवा पाऊस लागला तशी तिची मुळं छाटली. कुंडीच्या भोकांवर जाळी, चार बारीक भोकांतून तार. तार आत ओढताना दिसलं की दोन भोकांच्या कडा आधीच्या तारेने घासून गुळगुळीत झाल्यात. झाड बांधलं, विटांचा चुरा आणि माती काडीने मुळांत कोंबली, आणि पांढऱ्या रेघेपर्यंतच भरली. बोअरचं पाणी घालणार नाही, पावसाचं पिंपात धरतोय.

बायको चहा घेऊन वर आली, बघून म्हणाली, "आता बेचाळीस."

फोटो डकवलाय.

---

बाल्कनीबहाद्दर
फोटो दिसत नाहीये.